जुनी स्कॉर्पिओ बघायला जाताय? आधी बॉनेटला हात लावा

विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." तरीही बॉनेट गरम लागलं, तर थंड इंजिनाचा स्टार्ट तुमच्यापासून लपवलाय असं समजा. थंड गाडी चालू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर आला, म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. भसाभसा धूर आला तर पिस्टन रिंगा बहुधा दमल्यात. मग पॉलिश कितीही चकचकीत असो, निघा.

आता खाली वाका. स्कॉर्पिओची बॉडी लॅडर फ्रेमवर बसते, खरी गाडी तीच. कोकणात, खाऱ्या वाऱ्यात राहिलेली असेल तर चॅसी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघाच. ताजा काळा रंग दिसला तर दुप्पट संशय घ्या.

किलोमीटरच्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही. क्लच पेडलचं झिजलेलं रबर जास्त खरं बोलतं (बदललं नसेल तर!). टायरवरचा चार आकडी कोडही वाचा: ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा.

आणि दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी? जुन्या डिझेल गाड्यांवरच्या तिथल्या निर्बंधांमुळे ती इकडे येते. एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा तपासल्याशिवाय टोकन देऊ नका.