पाकटाचा काटा आणि माणसांचा राग

२००६ सालच्या सप्टेंबरातली चार तारीख, सोमवार. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, पोर्ट डग्लस या गावासमोरच्या समुद्रात बॅट रीफ नावाची प्रवाळभित्ती आहे. तिथल्या छातीभर पाण्यात एक माणूस एका भल्यामोठ्या पाकट माशाच्या मागोमाग पोहत होता आणि दुसरा त्याचे चित्रीकरण करीत होता. समुद्रातल्या सर्वांत घातक जीवांवरच्या चित्रपटासाठी ही मंडळी आली होती. परंतु हवा बिघडलेली, मुख्य काम अडलेले. रिकामा वेळ कशाला दवडायचा, म्हणून आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या आगामी मालिकेसाठी काही दृश्ये टिपून घ्यावीत, एवढाच त्या दिवसाचा बेत होता. पाकट एकाएकी उसळला, शेपटीचा काटा त्या माणसाच्या छातीत घुसला आणि हृदयापर्यंत गेला. स्टीव्ह आयर्विन हे जग सोडून गेला तेव्हा त्याचे वय अवघे ४४ होते.

मगरींच्या जबड्यापाशी हात नेणारा, जहाल विषारी सापांना शेपटीला धरून उचलणारा आणि हे सगळे करताना लहान मुलासारखा आनंदाने ओरडणारा हा गडी शेवटी गेला तो कशाने? तर सहसा कुणाच्या वाटेला न जाणाऱ्या एका माशाने. ही बातमी जगभर पसरली आणि मग जे घडले ते त्या मृत्यूइतकेच विचार करायला लावणारे आहे. एखाद्या माणसाच्या जाण्याने समाज कसा रडतो, कुणावर चिडतो आणि कुणाला दोषी ठरवतो, यावरून तो समाज कळतो.

आयर्विनचा जन्म १९६२ सालचा, मेलबर्नजवळचा. १९७० साली त्याचे आईवडील बॉब आणि लिन हे क्वीन्सलँडमध्ये बीरवाह येथे गेले आणि तिथे त्यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांचे एक छोटे उद्यान उभारले. पोरगा वाढला तो मगरी आणि सापांच्या संगतीतच. पुढे ते उद्यान त्याने हाती घेतले आणि त्याचेच ‘ऑस्ट्रेलिया झू’ झाले. १९९२ साली टेरी या अमेरिकन तरुणीशी त्याचे लग्न झाले. नवपरिणित जोडपी थंड हवेच्या ठिकाणी जातात, हे दोघे मगरी पकडायला गेले! त्या मधुचंद्राच्या चित्रफितीतूनच ‘द क्रोकोडाइल हंटर’ ही मालिका जन्माला आली. खाकी अर्धी चड्डी, खाकी सदरा आणि तोंडी कायम ‘क्रायकी!’, म्हणजे आपल्याकडचे ‘अरे बाप रे!’. हे रूप शंभराहून अधिक देशांत पोचले. आपल्याकडेही केबलवर ही मालिका लागली की पोरेटोरे पडद्याला डोळे लावून बसत आणि मागे बसलेली आजी ‘मेला, याला घरदार आहे की नाही?’ असे पुटपुटत तिथून हलत मात्र नसे.

मृत्यूची बातमी कळताच लोक बीरवाहच्या प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाकडे निघाले. फुले, पत्रे, मुलांनी काढलेली मगरींची चित्रे यांचा तिथे ढीग लागला. लोकांनी आपले खाकी सदरे आणून ठेवले आणि त्यांवर निरोपाचे शब्द लिहिले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी जाहीर शोक व्यक्त केला. सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार करण्याची तयारी दाखवण्यात आली. वडील बॉब आयर्विन यांनी ती नम्रपणे नाकारली. आपल्या मुलाला चारचौघांसारखा साधा माणूस म्हणूनच ओळखले गेलेले आवडले असते, असे त्यांचे म्हणणे. ज्याला जगाने डोक्यावर घेतले त्याच्या बापाने एवढे भान राखावे, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

नऊ तारखेला घरच्या माणसांत अंत्यसंस्कार झाले आणि २० सप्टेंबरला त्याच्याच प्राणिसंग्रहालयात, जिथे तो मगरींचे खेळ दाखवी त्या पाच हजारांहून अधिक आसनांच्या प्रेक्षागारात, सार्वजनिक शोकसभा झाली. पंतप्रधान बोलले, हॉलिवूडच्या नटांचे संदेश पडद्यावर दाखवले गेले. पण लोकांच्या लक्षात राहिली ती आठ वर्षांची बिंदी. हातातल्या कागदावरून तिने न अडखळता वडिलांविषयी वाचले आणि मोठमोठी माणसे डोळे पुसू लागली. शेवटी त्याची नेहमीची गाडी सामान भरून बाहेर नेण्यात आली आणि मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनी पिवळ्या फुलांनी जमिनीवर एकच शब्द लिहिला : ‘क्रायकी’.

असे असले तरी सगळेच रडत नव्हते. मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी लंडनच्या ‘द गार्डियन’मध्ये ‘द फीमेल युनक’ या ग्रंथाच्या लेखिका जर्मेन ग्रीअर यांचा लेख आला. त्या स्वतः ऑस्ट्रेलियन. प्राणिसृष्टीने अखेर आयर्विनवर सूड उगवला, असा त्यांच्या लेखाचा सूर होता. प्राण्यांना त्यांच्या जागी निवांत राहू देण्याऐवजी त्यांना पकडायचे, डिवचायचे, त्यांच्या कानाशी ओरडायचे आणि तोच मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवायचा, हा त्यांचा आक्षेप. लेखावर संतापाची लाट उसळली. चिता थंड होण्याआधीच हे बोलावे का, असा प्रश्न अनेकांनी केला.

प्रश्न रास्तच होता. पण वेळ चुकली म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. २००४ सालच्या जानेवारीत याच आयर्विनने आपल्या महिन्याभराच्या मुलाला, रॉबर्टला, एका हातात धरून दुसऱ्या हाताने मगरीला मांस भरवले होते आणि तेव्हा ज्यांनी त्याच्यावर टीका केली त्यांत आज रडणारेही अनेक होते. दुसरी बाजूही तितकीच खरी. वाघ-सिंह, हरणे, पक्षी यांच्यावर माया करणे सोपे असते. मगर, अजगर, घोरपड यांच्यावर कोण माया करतो? त्या ‘कुरूप’ जीवांसाठी आयर्विनने जगाच्या घरात जागा केली. मिळालेल्या पैशातून त्याने वन्य प्राण्यांसाठी जमिनी विकत घेतल्या, २००२ साली संरक्षणाच्या कामासाठी संस्था काढली. शहरी, सुशिक्षित ऑस्ट्रेलियनांना त्याच्या गावंढळ उच्चारांची आणि आरडाओरड्याची लाज वाटे. या टीकेत ती लाज किती आणि प्राण्यांचा कळवळा किती, हे ज्याचे त्याने तपासावे.

खरा धक्का पुढेच होता. मृत्यूनंतर आठवडाभरातच क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर मेलेले पाकट सापडू लागले. किमान दहा तरी. काहींच्या शेपट्या तोडलेल्या. आयर्विनच्या चाहत्यांनी सूड म्हणून हे केले असावे, अशी चर्चा उसळली. जाळ्यात अडकलेल्या पाकटाचा काटा लागू नये म्हणून मासेमारी करणारे एरवीही शेपटी छाटतात, असे तिथल्या मत्स्य खात्याकडून सांगण्यात आले आणि आपल्या कोकणातल्या मच्छीमारांना हे नवे नाही. तेव्हा सगळेच मासे सूडाचे बळी होते असे म्हणता येणार नाही. पण आयर्विनच्या संस्थेला पुढे येऊन ‘असले काही करू नका, स्टीव्हला हे कधीच आवडले नसते’ असे लोकांना बजावावे लागले, यातच सगळे आले. ज्याने आयुष्यभर ‘हा प्राणी दुष्ट नाही, तो फक्त घाबरला आहे’ एवढेच सांगितले, त्याच्या नावाने प्राणी मारले जात असल्याची शंका तरी यावी, यापेक्षा मोठा पराभव कोणता?

कारण पाकटाचा दोष तो काय? हा शार्कच्या कुळातला, हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला मासा. दिवसाचा बराच वेळ वाळूत अंग पुरून पडून राहतो. शेपटीवर करवतीसारखे दाते असलेला काटा, त्याच्या कडेला विषाची पेशीजाले. हे शस्त्र शिकारीसाठी नाही, केवळ बचावासाठी. पाय पडला किंवा वाट अडली की शेपूट वर उसळते. म्हणून तर उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालावे, म्हणजे चाहूल लागून तो स्वतःच निघून जातो, असे किनाऱ्यावरची माणसे सांगतात. काटा लागला तर वेदना भयंकर होतात. गरम पाण्यात पाय बुडवला की त्या कमी होतात. माणूस दगावण्याचे प्रसंग मात्र अगदी विरळा. आयर्विनच्या बाबतीत काटा छातीत, तोही हृदयावर लागला, हा घात. कॅमेरामन जस्टिन लायन्स याने २०१४ साली सांगितले त्यावरून, वर तरंगणाऱ्या माणसाची सावली पाहून पाकटाला बहुधा शार्कच आल्याचा भास झाला असावा.

याच मुलाखतीवरूनही गदारोळ झाला. मित्राचे अखेरचे क्षण असे चव्हाट्यावर मांडावेत का, म्हणून लोक लायन्सवर चिडले. पण त्या क्षणांचे चित्रीकरण झाले होते, ही गोष्ट जगाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. कुटुंबाने ती फीत कधीही दाखवू दिली नाही. आयर्विनचा निर्माता आणि मित्र जॉन स्टेन्टन यानेही ती नष्टच व्हावी असे म्हटले होते. सगळे काही कॅमेऱ्यापुढे जगलेल्या माणसाचा मृत्यू तेवढा कॅमेऱ्याबाहेर ठेवला गेला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच.

तीनच वर्षे आधी, २००३ साली, अलास्कात टिमोथी ट्रेडवेल हा असाच एक प्राणिवेडा अस्वलांकडून मारला गेला. त्याच्या वाट्याला अश्रूंपेक्षा उपहासच अधिक आला आणि अस्वलांना गोळ्या घातल्या गेल्या. दोघेही आपल्या पायांनी धोक्याच्या घरात गेलेले. एक वेडा ठरला, दुसरा वीर.

आपण तरी वेगळे आहोत का? १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले आणि महाराष्ट्राची सापाकडे पाहायची नजर बदलू लागली. आज गावोगावी सर्पमित्र आहेत. रात्री दोन वाजता फोन केला तरी येतात, साप धरतात, रानात सोडतात. आणि त्यांच्याभोवती जमलेली गर्दी म्हणते, ‘जरा फणा काढायला लावा ना, फोटो काढू द्या.’ आग्रहाला बळी पडून एखादा तरुण नाग हातात नाचवतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळींची बातमी येते. हळहळ व्यक्त होते, नाग ठेचला जातो. त्या गर्दीतले आपण मात्र नामानिराळे राहतो. मगरीच्या जबड्याजवळ आणखी एक पाऊल टाकणाऱ्या आयर्विनला टाळ्या देणारेही आपणच होतो, हे कसे विसरायचे?

आज त्याच्या प्राणिसंग्रहालयाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचे नाव आहे, केप यॉर्कमध्ये त्याच्या नावाचे राखीव रान आहे. बिंदी आणि रॉबर्ट मोठे होऊन वडिलांचेच काम करीत आहेत. २०१९ साली रॉबर्टने वडील जिथे उभे राहून मगरीला भरवत, त्याच जागी, त्याच मगरीला मांस भरवतानाचे छायाचित्र प्रसिद्ध केले. मगर तीच, हात नवा. पाहताना अभिमानही वाटला आणि पोटात गोळाही आला.

आणि बॅट रीफच्या वाळूत पाकट अजूनही अंग पुरून पडलेले असतील. त्यांना ना सूड ठाऊक, ना शोक. त्यांची मागणी एवढीच की, पाय जरा घासत चाला. आम्हाला चाहूल लागू द्या.