जाळीचे मोल

सुगी आली की वाशीम, रिसोड, कारंजाच्या बाजार समित्यांत सोयाबीनचे कट्टे पाठीवर वाहणारी माणसे दिसू लागतात. जांघेत अंतर्गळ म्हणजे हर्निया झालेल्या माणसाला ते ओझे पेलत नाही, आणि ओझे टाळले तर रोज बुडतो. आडवे झाल्यावर आत जाणारा फुगवटा एखाद्या दिवशी अडकतो, आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि सवडीने करता येणारी शस्त्रक्रिया जिवावरची होते. औषधाने हर्निया बरा होत नाही. जाळी बसवणे हाच आज रुळलेला इलाज आहे. म्हणून जाळी कशाची, केवढ्याची आणि तिची पारख कोणी करायची, हे प्रश्न 2018 मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेल्या वाशीमसाठी दूरचे नाहीत. त्यांचे सर्वांत धाडसी उत्तर महाराष्ट्रातच, धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात शोधले गेले.

ते उत्तर समजण्यासाठी जाळी काय करते हे पाहायला हवे. इटलीच्या बॅसिनींनी 1880 च्या दशकात जांघेची मागची भिंत टाक्यांनी बळकट करण्याची रीत रूढ केली. पण सैल पडलेल्या ऊती ओढून जुळवल्या की टाक्यांवर ताण येतो आणि शिवण पुन्हा उसवू शकते. अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी 1950 च्या दशकाअखेर पॉलिथिलीनची जाळी वापरली, पुढे पॉलिप्रॉपिलीन आले. 1989 मध्ये लॉस एंजेलिसच्या लिक्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ताण न देता जाळी बसवण्याची पद्धत मांडली. ही जाळी ठिगळापेक्षा वेलाच्या मांडवासारखी असते. तिच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढतात आणि नवी भिंत धरते. त्यासाठी छिद्रे 75 मायक्रॉनहून मोठी लागतात. ती फार बारीक असली तर जंतू आत दडतात आणि त्यांना गिळणाऱ्या पेशी बाहेरच अडतात. म्हणजे धागा, छिद्र, निर्जंतुकता आणि सर्जनचा हात यांवर निकाल ठरतो. वेष्टनावरचे नाव त्यात कुठे येत नाही.

दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी नेमके हेच हेरले. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनपासून बनलेले मच्छरदाणीचे कापड त्यांनी निर्जंतुक करून वापरले, आणि 2003 मध्ये इतर सर्जनांसह साडेतीनशेहून अधिक हर्नियांचा अनुभव ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त मांडला. मोठी कसोटी 2016 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. पूर्व युगांडातल्या 302 पुरुषांना चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत विभागून एका गटाला मच्छरदाणीची आणि दुसऱ्याला कंपनीची जाळी बसवली होती. वर्षभरात पहिल्या गटात एका रुग्णाचा हर्निया उलटला, दुसऱ्यात एकाचाही नाही. लहानमोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण अनुक्रमे 30.8 आणि 29.7 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. एका जाळीची किंमत डॉलरभरही नव्हती, दुसरीची शंभर डॉलरच्या वर होती.

यावर पहिला आक्षेप असा की श्रीमंताला कंपनीची जाळी आणि गरिबाला मच्छरदाणी, हा भेदभाव झाला. निकाल वाईट असते तर हा आरोप बिनतोड ठरला असता. निकाल बरोबरीचे असतील तर अन्याय महागड्या जाळीअभावी शस्त्रक्रियाच लांबणीवर टाकण्यात आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाजारातले कापड एका ताग्यात एक आणि दुसऱ्या ताग्यात दुसरे निघू शकते, त्यावर कीटकनाशक असू शकते, आणि निर्जंतुक करताना उष्णतेने धागाच बिघडू शकतो. शिवाय एक वर्षाचा पाठपुरावा आयुष्यभर शरीरात राहणाऱ्या वस्तूसाठी तोकडा आहे. हे सारे मान्य करायला हवे. म्हणूनच या प्रयोगातून दुकानातली मच्छरदाणी कापायची मुभा मिळत नाही. त्यातून मागणी निघते ती ‘वैद्यकीय उपकरणे नियम, 2017’ च्या चौकटीतल्या, परवानाधारक पण स्वस्त जाळीची. अशी जाळी खरेदी करताना धागा, वजन आणि छिद्राचा आकार पाहावा, नाव पाहून दर ठरवू नये.

तिसरा आक्षेप जाळीच्या मुळावरच येतो: परकी वस्तू शरीरात ठेवायचीच कशाला? पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी 2001 मध्ये मांडलेल्या पद्धतीत रुग्णाच्याच पोटाच्या बाह्य स्नायूच्या चिवट पडद्याची पट्टी भिंतीला आधार म्हणून शिवतात. पोलंडमध्ये 208 रुग्णांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तीन वर्षांनी हर्निया उलटण्याचे प्रमाण जाळीच्या पद्धतीइतकेच, सुमारे दोन टक्के आढळले. पण तो पडदा पातळ किंवा विरलेला असेल तर ही पट्टी मिळत नाही, आणि पद्धत शिकवणारा हातही जवळ हवा. त्यामुळे ती जाळीची जागा घेत नाही. मात्र ‘जाळी नसेल तर उपाय नाही’ हा समज मोडते.

दोंडाईचा आणि पुणे, दोन्ही ठिकाणच्या कल्पनांची मोठी पारख परदेशात झाली, ही गोष्ट बोचते. वाशीमला 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. कोणाला कुठली जाळी बसवली, ती कुठल्या खेपेची होती, एक, तीन आणि पाच वर्षांनी दुखते का, फुगवटा परतला का, एवढ्या नोंदींची वही ठेवायला महागडे यंत्र लागत नाही. सुगी सरल्यावर कामासाठी गाव सोडणाऱ्या माणसाला गाठणे कठीण आहे, पण तोच माणूस पुढच्या हंगामात कट्टे उचलायला परत येतो. तो ते किती सहज उचलतो, हे त्या वहीत उतरले तर स्वस्त जाळीचा निवाडा युगांडावर सोडावा लागणार नाही.