नोकरी मिळाली असती तर…

किरण मजुमदार यांना कंपनी काढायची नव्हती, नोकरी हवी होती. वडील बेंगळुरूच्या युनायटेड ब्रुअरीजमध्ये मुख्य ब्रूमास्टर. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटमध्ये बिअर बनवण्याचं शास्त्र शिकून लेक १९७५मध्ये त्याच व्यवसायात शिरायला निघाली. पण बिअरचा कारखाना एका बाईच्या हाती द्यायला इथे कुणी तयार होईना.

अखेर स्कॉटलंडमध्ये काम ठरलं. तेवढ्यात आयर्लंडचे उद्योजक लेस्ली ऑकिन्क्लॉस यांनी भारतात भागीदारीत उद्योग काढायचं सुचवलं. १९७८ साली, पंचविशीत, भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये १० हजार रुपयांच्या भांडवलावर ‘बायोकॉन’ सुरू झाली. पपईच्या चिकापासून पपेन हे एन्झाइम काढायचं, बिअर नितळ करायला लागणारा पदार्थ माशांपासून बनवायचा, असं ते काम. बँकांना हा धंदा कळेना, आणि एकट्या तरुणीला कर्ज कसं द्यायचं हा प्रश्न होताच. बाईच्या हाताखाली काम करायलाही माणसं कचरत. २००४मध्ये हीच कंपनी शेअर बाजारात उतरली, ती औषधनिर्मितीतलं मोठं नाव होऊन.

सगळ्याच जणी अशा बंद दारामुळे धंद्याकडे वळत नाहीत. फाल्गुनी नायर कोटक महिंद्रा कॅपिटलच्या व्यवस्थापकीय संचालक होत्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१२मध्ये, ते पद सोडून त्यांनी सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणारी ‘नायका’ काढली. बेंगळुरूच्या रिचा कर यांना बायकांची एक रोजची कुचंबणा दिसली: पुरुष विक्रेत्यासमोर अंतर्वस्त्रं मागण्याची. २०११मध्ये त्यांनी ती ऑनलाइन विकणारी ‘झिवामे’ सुरू केली. ही गरज, जिने ती कुचंबणा सोसली तिलाच दिसणार होती.

कुणाला नोकरीने नाकारलं, कुणाला ती अपुरी पडली, कुणाला मुलांच्या शाळेच्या वेळा आणि ऑफिसचं घड्याळ जुळवता येईना. तरीही बाईच्या धंद्याला ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणायची सवय जात नाही. ती जायला हवी, कारण भांडवल मागायला गेलं की हाच समज आडवा येतो. बेंगळुरूत १९८३ साली उद्योजिकांनी ‘अवेक’ ही संघटना उभारली, ती नवख्या बायकांना प्रशिक्षण आणि मार्गदर्शन मिळावं म्हणूनच.

साताऱ्यातल्या म्हसवडमध्ये तर बायकांनी बँकच काढायचं ठरवलं. प्रवर्तक सभासद निरक्षर आहेत, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. त्या लिहा-वाचायला शिकल्या, सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब आपण तोंडी करतो, असं अधिकाऱ्यांना ठणकावून सांगितलं. माणदेशी महिला सहकारी बँक १९९७मध्ये सुरू झाली.