पीठ मोजलं, भाकरी नाही

देशाचं उत्पन्न मोजायचे जागतिक नियम आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या राष्ट्रीय लेखा प्रणालीत ते सापडतात, आणि त्यांत एक अजब रेघ आखलेली आहे. घरच्या जात्यावर दळलेलं पीठ घरातच संपलं तरी ते ‘उत्पादन’ ठरतं. त्या पिठाची भाकरी मात्र ठरत नाही. म्हणजे जात्यावरून उठून चुलीपुढे बसली, की बाई अर्थव्यवस्थेतूनच बाहेर! तान्ह्याला पाजणं, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणं, तेही बाहेरच. न्यूझीलंडच्या मेरिलिन वॉरिंग यांनी १९८८ मध्ये या हिशेबावर अख्खं पुस्तक लिहिलं.

आता निदान वेळ तरी मोजला जातो. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. पण त्या मिनिटांत बाईच्या मनात काय चाललं होतं, हे कुठल्या तक्त्यात यायचं?

महाराष्ट्रात त्याची नोंद आहे, आणि ती काम करता करता बायकांनीच केलेली आहे. ज्वारीचं पीठ शिळं झालं की विरी जातं, भाकरी थापताना चिरते. म्हणून दळण वरचेवर, तेही पहाटे. समोरासमोर बसलेल्या दोघी, चार हात एका खुंट्यावर, मूठमूठ वैरण घालत फिरणारी वरची तळी. पुरुष जागे नसत. या तासांत जे कुणापाशी बोलायचं नाही, ते ओवीत बोललं जाई.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतव्हाँ यांनी या ओव्यांचं मोल ओळखलं. मला खरं अप्रूप वाटतं ते त्यांच्या पद्धतीचं. वही घेऊन परके अभ्यासक गावात शिरले, असं झालं नाही. मुळशीच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम करणाऱ्या बायांनीच गावोगावच्या जात्यांवरून ओव्या गोळा केल्या, आणि एकत्र बसून त्यांच्या अर्थाचा खलही केला. संशोधनाचा ‘विषय’ असलेल्या बाया इथे संशोधक होत्या. ओव्या जमल्या एक लाखाहून जास्त! सीतेचा वनवास, माहेरचा भाऊ, विठ्ठल. दलित बायांच्या ओव्यांत बाबासाहेब. पुढे संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी कित्येक तासांचं ध्वनिमुद्रण केलं.

तोवर गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या. ओव्या मागे पडल्या म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी स्वतः दळून पाहावी. बायकांनी जातं सुखानं सोडलं, आणि ठीकच केलं.

हा संग्रह आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन दफ्तरात ऐकायला मिळतो. तिथे ओवीसोबत गाणारणीचं नाव आणि गाव दिलेलं असतं.