बिनडिस्कचे संगणक

घाटकोपरला आमच्या चाळीजवळच्या सार्वजनिक अभ्यासिकेत सहा जुने संगणक आहेत. घरी संगणक नसल्याने शिष्यवृत्तीचा अर्ज मी तिथेच भरला. आठवड्याने पुन्हा गेलो, तो वडिलांचा उत्पन्नाचा दाखला आणि माझे आधार कार्ड त्याच यंत्रावर, कोणालाही दिसेल असे पडलेले! ते पुसायचे असते हे सांगणारे आमच्या घरात कोणी नव्हते. पुढे त्या यंत्राची हार्ड डिस्क बिघडली. दुरुस्तीला आलेल्या दादांनी नवी बसवली नाहीच, उलट बाकीच्या पाच यंत्रांतल्याही काढून घेतल्या.

मग संगणक चालतो कसा? दादांनी मला ते समजावून दिले.

कोपऱ्यातल्या एका सर्व्हरवर सारी प्रणाली एकदाच बसवलेली असते. बटण दाबताच यंत्राचे नेटवर्क कार्ड तारेवरून हाक देते : माझा पत्ता काय, सुरुवात कशाने करू? डीएचसीपी ही सेवा त्याला पत्ता आणि पहिल्या फाइलचे नाव सांगते. टीएफटीपीने ती फाइल येते, मागोमाग लिनक्सचा गाभा. उरलेले एनएफएसवरून लागेल तसे वाचले जाते. युक्ती तशी जुनीच. टीएफटीपी १९८१ सालची. अशा यंत्रांसाठीचा एलटीएसपी हा मोफत प्रकल्प १९९९ चा.

सर्व्हरवरची प्रणाली नुसती वाचता येते. आपण लिहितो-उतरवतो ते यंत्राच्या रॅममध्ये राहते. पंगतीत स्वयंपाक एक, पत्रावळ ज्याची त्याची, तसेच हे. यंत्र बंद केले की पत्रावळ उचलली. हवी ती फाइल मात्र आधीच पेनड्राइव्हवर घ्यायची.

पहिल्या दिवशी एकही यंत्र उठेना. शोधाअंती कळले, इंटरनेटचा राऊटरही डीएचसीपीची उत्तरे देत होता, आणि पहिल्या फाइलचे नाव त्याला ठाऊक नव्हते. त्याची ती सेवा बंद केल्यावर सहाही पडदे उजळले. पण सावकाश! १०० मेगाबिटच्या तारेतून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातात, तेही सहांत वाटून. सर्व्हरला गिगाबिटची जोडणी दिली तेव्हा कुठे वेग आला.

सर्व्हर बसला तर सहाही यंत्रे बसतात, ही उणीव आहेच. त्यासाठी दादांनी सर्व्हरच्या डिस्कची एक प्रत कपाटात ठेवली आहे. मराठी कळफलक मात्र एकदाच बसवला आणि सगळीकडे आला, याचे मला फार अप्रूप वाटले.

'उठताना यंत्र बंद करा' ही भिंतीवरची पाटी मी लिहिली आहे. सगळेच ती वाचतात असे नाही.

— द्वितीय वर्ष कला