मागची पट्टी बसवायचीच

मदरबोर्डच्या खोक्यात पोर्टांच्या आकाराची भोकं असलेली एक पातळ पत्र्याची पट्टी येते. ही आयओ शील्ड कॅबिनेटमध्ये आतून आणि बोर्डाच्या आधी बसवायची. नंतर आठवली, तर सगळे स्क्रू पुन्हा काढा. मग ती खोक्यातच राहते आणि ‘तिच्यावाचून कॉम्प्युटर चालतोच की’ असं समर्थन ऐकू येतं. चालतो, खरं आहे. पण ही पट्टी जिथे बसते ती कॅबिनेटमागची खिडकी १९९५ च्या एटीएक्स मानकानुसार साधारण १५९ बाय ४४ मिलिमीटरची. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्री पट्ट्यात ती उघडी ठेवणं म्हणजे धुळीला आणि पालींना आवतणच. कॅबिनेटला जाळी असतेच ना, असं कुणी म्हणेल. जाळीतून पाल शिरत नाही, उघड्या खिडकीतून शिरते. शिवाय पट्टीवरची लवचीक पाती पोर्टांच्या धातूला टेकून त्यांना कॅबिनेटशी जोडतात, विद्युतचुंबकीय गोंगाट आवरतात. हीच पाती पोर्टात घुसतात, हा आक्षेप मात्र रास्त. त्यावर उपाय पट्टी टाळणं नव्हे: चारही कोपरे ‘टक्’ वाजेपर्यंत दाबावेत, बोर्ड किंचित तिरका करून सरकवावा आणि स्क्रू आवळण्याआधी यूएसबी, लॅनच्या तोंडात टॉर्च मारावा. काही नव्या बोर्डांना ही पट्टी कारखान्यातूनच जोडलेली येते.