द्विशिक्षकी शाळेच्या दारात

आयर्लंडच्या एखाद्या खेड्यात राहायला गेलेले मराठी कुटुंब मुलांसाठी जवळची प्राथमिक शाळा शोधू लागले, की बहुधा त्याला एकच शाळा सापडते. तिला एखाद्या संताचे नाव असते, हाकेच्या अंतरावर चर्च असते, प्रवेशाच्या धोरणात ती कॅथलिक असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते आणि पटावर चाळीस-पन्नास मुले असतात. ‘कॅथलिक शाळा’ म्हटल्यावर आपल्या मनात कॉन्व्हेंट उभे राहते. तुडुंब भरलेले वर्ग, शहरातली प्रतिष्ठा, भरभक्कम फी, प्रवेशासाठी लागलेली रांग. यातले जवळपास काहीच या शाळेला लागू पडत नाही. तिचे नाते शोधायचेच तर ते वसईच्या ख्रिस्ती गावांमधल्या मराठी शाळांशी लागेल, कारण तिथेही शाळा आणि धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, एकमेकांना धरून वाढले. अशा शाळेत मुलाचा दिवस कसा जाईल हे तिच्या कॅथलिक असण्यापेक्षा तिच्या लहान असण्यावर आणि गावात असण्यावर जास्त अवलंबून असते, असे माझे म्हणणे आहे. धर्माचा प्रश्न तिथे खरोखर अडतो, हेही मला मान्य आहे. पण तो जिथे अडतो तिथे अडण्याचे मोठे कारण शाळेचा आकार हेच असते. हे ध्यानात घेतले तर पालक शाळेच्या दारात योग्य प्रश्न घेऊन उभे राहतील.

आयर्लंडच्या प्रजासत्ताकात सुमारे ३,१०० प्राथमिक शाळा आहेत. त्यांतल्या दहापैकी जवळजवळ नऊ शाळांचा आश्रयदाता, तिथल्या भाषेत ‘पेट्रन’, म्हणजे त्या धर्मप्रांताचा कॅथलिक बिशप. पाचांपैकी दोन शाळांमध्ये चार किंवा त्याहून कमी वर्गशिक्षक आहेत. ही रचना कशी घडली, हे समजल्याशिवाय आजची शाळा कळत नाही. १८३१ मध्ये ब्रिटिश सरकारचे आयर्लंडसाठीचे मुख्य सचिव एडवर्ड स्टॅन्ली यांनी लिन्स्टरच्या ड्यूकला पत्र लिहून राष्ट्रीय शाळांची योजना मांडली. सर्व पंथांच्या मुलांनी लौकिक विषय एकत्र शिकावेत आणि धर्मशिक्षण स्वतंत्रपणे द्यावे, असा तिचा मूळ हेतू होता. एकाही मोठ्या चर्चला तो मनापासून पटला नाही, आणि शतक संपेपर्यंत बहुतेक शाळा व्यवहारात त्या त्या पंथाच्या होऊन गेल्या. १९३७ च्या राज्यघटनेने हीच घडी कायम ठेवली. मोफत प्राथमिक शिक्षणाची ‘तरतूद करणे’ हे सरकारचे कर्तव्य ठरले, शाळा स्वतः चालवणे नव्हे. आजही बहुसंख्य ठिकाणी जमीन आणि इमारत धर्मप्रांताच्या विश्वस्तांची, शिक्षकांचा पगार सरकारचा, अभ्यासक्रम सरकारचा, तपासणी सरकारी निरीक्षकांची, आणि कारभार आठ बिनपगारी माणसांच्या व्यवस्थापन मंडळाचा, असा हा मामला आहे. त्या आठांमध्ये बिशपने नेमलेले दोघे, मुख्याध्यापक, एक शिक्षक, पालकांनी निवडून दिलेली एक आई व एक वडील, आणि गावातले दोघे असतात. या मंडळात पालकांना जागा आहे, हे नव्याने आलेल्या कुटुंबाने विसरू नये. परका माणूस म्हणून कुंपणाबाहेर उभे राहायची गरज नाही.

द्विशिक्षकी शाळेत खोल्या साधारण दोन असतात. एका खोलीत ज्युनिअर इन्फंट्स, सीनिअर इन्फंट्स, पहिली आणि दुसरी. दुसऱ्या खोलीत तिसरी ते सहावी. मूल चार-पाच वर्षांचे असताना येते आणि बारा-तेराचे होऊन बाहेर पडते. म्हणजे आठ वर्षांत त्याला मुख्यतः दोनच शिक्षक मिळतात. शाळेचा दिवस ५ तास ४० मिनिटांचा, धाकट्या दोन वर्गांचा एक तासाने कमी, आणि वर्षाला सुमारे १८२ दिवस. मुख्याध्यापक स्वतः वर्ग घेतात आणि कार्यालयीन कामासाठी त्यांना ठरावीक दिवसच मोकळे मिळतात. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठीचे विशेष शिक्षक अनेकदा दोन-तीन शाळांत विभागलेले असतात. शाळेपासून ३.२ किलोमीटर किंवा त्याहून लांब राहणाऱ्या मुलांना, ती त्यांची सर्वांत जवळची शाळा असेल तर, सरकारी बससाठी अर्ज करता येतो. २०२३ पासून प्राथमिक शाळांत पाठ्यपुस्तके मोफत झाली. तरीही हीटिंगचे बिल आणि छपराची डागडुजी यांसाठी सरकारी अनुदान पुरत नाही, म्हणून केकविक्री, प्रश्नमंजूषा आणि नाताळची सोडत चालूच असते. पालकांकडे ‘ऐच्छिक वर्गणी’ मागितली जाते. ती खरोखरच ऐच्छिक आहे. न देण्यावरून मुलाचा प्रवेश अडवता येत नाही.

आयरिश भाषा सर्वांना शिकावी लागते, आणि चार-पाच वर्षांच्या मराठी मुलाला तिच्यातून सूट मिळत नाही. याची काळजी करू नये. त्या वयात वर्गातली बहुतेक मुलेही ती भाषा शून्यापासूनच शिकत असतात, त्यामुळे इंग्रजीत मागे असलेले मूलही या एका तासाला इतरांच्या बरोबरीने असते. १ फेब्रुवारीला संत ब्रिजिडच्या सणासाठी मुले लव्हाळ्याच्या काड्या विणून क्रूस बनवतात. मार्चमध्ये सेंट पॅट्रिकच्या दिवसाच्या आगेमागे आयरिश भाषेचा पंधरवडा होतो. नाताळच्या नाटकात अख्खी शाळा रंगमंचावर असते, कारण एवढ्या कमी मुलांत कोणाला वगळणे परवडतच नाही. मैदानावरही तेच. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे खेळ चालवणारी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन १८८४ मध्ये स्थापन झाली आणि तिचे क्लब बहुधा धर्मग्रामाच्या सीमेनुसारच आखलेले असतात. मोठ्या शाळेत संघाबाहेर बसलेले मूल इथे संघात असते, मग त्याला खेळ येवो वा न येवो.

या शाळांचा गावाशी किती खोल संबंध होता याचा एक भक्कम पुरावा उपलब्ध आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने राष्ट्रीय शाळांमधल्या वरच्या वर्गांच्या मुलांना एक काम दिले. घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून दंतकथा, घरगुती औषधे, विहिरींची नावे, हवामानाचे ठोकताळे आणि दुष्काळाच्या आठवणी ऐकायच्या आणि वहीत उतरवायच्या. सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० मुलांनी हे काम केले आणि सुमारे ७,४०,००० पानांचा संग्रह उभा राहिला. विद्वानांनी शहरातून येऊन केलेले हे संकलन नव्हते, पाचवी-सहावीतल्या पोरांनी आजीच्या चुलीपाशी बसून केलेले होते. लोकसाहित्याचे असे जतन आपल्याकडच्या शाळांतून झाले असते तर किती ओव्या आणि किती कहाण्या वाचल्या असत्या, हा विचार मला सोडत नाही. मुद्दा असा, की या शाळेत येणाऱ्या मुलाला पुस्तकाबरोबर एक ठिकाणही शिकवले जाते. स्थलांतरित मुलासाठी ते ठिकाण नवे असते. म्हणूनच त्याला ते शिकवले जाणे अधिक मोलाचे आहे.

यावर पहिला आक्षेप बहुवर्ग अध्यापनाचा असतो. चार इयत्ता एका खोलीत, मग माझ्या मुलाकडे लक्ष कोण देणार? महाराष्ट्रात ‘द्विशिक्षकी शाळा’ म्हणताना आवाजात जो नाइलाज असतो तोच इथे मनात येतो. पण आयर्लंडमध्ये बहुवर्ग खोली ही टंचाईतून आलेली तात्पुरती सोय मानली जात नाही. ती ग्रामीण शिक्षणाची रुळलेली पद्धत आहे आणि पुष्कळ शिक्षक स्वतः अशाच खोलीत शिकलेले असतात. डच संशोधक सायमन व्हेनमन यांनी १९९५ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बहुवर्ग आणि एकवर्ग खोल्यांतल्या मुलांच्या शैक्षणिक प्रगतीत त्यांना दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. आयर्लंडमध्ये अमांडा क्वेल आणि एमर स्मिथ यांचा २०१४ चा अभ्यास मात्र एक सावधगिरी सुचवतो. मुलग्यांमध्ये फारसा फरक दिसला नाही, पण आपल्याहून मोठ्या मुलांबरोबर बसणाऱ्या मुलींची कामगिरी आणि स्वतःविषयीचे मत काहीसे खालावलेले आढळले. मुलीच्या पालकांनी हे शिक्षकांजवळ मोकळेपणाने काढावे. गट कसे पाडता, धाकट्यांना बोलायची पाळी कशी मिळते, हे विचारावे. २०२१ च्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय वाचनचाचणीत आयर्लंडला सरासरी ५७७ गुण मिळाले आणि देश अगदी वरच्या स्थानांवर राहिला. हा आकडा साऱ्या देशाचा आहे, त्यावरून प्रत्येक खेड्यातली शाळा उत्तम ठरत नाही. शिवाय कोविडमुळे तिथली चाचणी उशिरा, मुले पुढच्या इयत्तेत गेल्यावर झाली होती. ज्या देशात इतक्या शाळा लहान आहेत तिथे लहान शाळेमुळे वाचन बुडत नाही, एवढेच त्यातून म्हणता येते, आणि ते पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप धर्माचा, आणि तो जास्त गंभीर आहे. २०१८ च्या प्रवेशविषयक कायद्याने जागा कमी असताना बाप्तिस्मा झालेल्या मुलाला अग्रक्रम देण्याची कॅथलिक प्राथमिक शाळांची मुभा काढून घेतली. त्यामुळे प्रवेशाचा अडथळा दूर झाला. प्रवेशानंतरचे काय? धर्मशिक्षणाला रोज अर्धा तास, म्हणजे आठवड्याला अडीच तास देण्याची रूढ पद्धत होती. २०२३ च्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात ते दोन तासांवर आले आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला न बसण्याचा मुलाचा हक्क राज्यघटनेच्या ४४ व्या कलमात आहे, १९९८ च्या शिक्षण कायद्यातही आहे. पण हक्क बजावायला जागा आणि माणूस लागतो. मोठ्या शाळेत निदान दुसरी खोली आणि दुसरा शिक्षक सापडू शकतो. द्विशिक्षकी शाळेत न बसणारे मूल बहुतेकदा त्याच खोलीत मागच्या बाकावर चित्र रंगवत असते आणि सगळे ऐकत असते. दुसरीचे वर्ष सर्वांत कठीण. त्या वर्षी मुलांची पापनिवेदनाची आणि फर्स्ट कम्युनियनची, म्हणजे प्रथम ख्रिस्तप्रसादाची, तयारी वर्गाच्या वेळात होते. गाणी बसवली जातात, चर्चमध्ये सराव होतो, पांढऱ्या कपड्यांच्या गोष्टी चालतात. एका इयत्तेत पाच मुले असतील आणि त्यांतले एकच बाहेर असेल, तर ते बाहेरपण त्याला जाणवल्याशिवाय कसे राहील?

कॅथलिक परंपरेत श्रद्धेने वाढणारे मूल त्या वर्षात आनंदी असते, आणि धर्मग्रामाला आपल्या मुलांसाठी तो सोहळा हवा असणे रास्त आहे. पण सरकारी पैशावर चालणाऱ्या एकमेव शाळेत ही तयारी शालेय वेळेत व्हावी, हे मला योग्य वाटत नाही. ती शाळा सुटल्यावर धर्मग्रामात व्हावी, या मताचे लोक आयर्लंडमधल्या कॅथलिकांतही आहेत. २०१२ मध्ये जॉन कूलाहन यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार गटाने शाळांच्या आश्रयदातृत्वावर अहवाल दिला. जवळपास दुसरी शाळाच नसलेल्या एकट्या शाळांचा प्रश्न त्यांना वेगळा हाताळावा लागला, कारण आश्रयदाता बदलून पर्याय निर्माण करण्याचा उपाय तिथे चालत नाही. हा प्रश्न सुटेपर्यंत पालकांच्या हाती एक उपयुक्त साधन आहे. २०१८ च्याच कायद्यानुसार धर्मशिक्षण नको असलेल्या मुलांसाठी शाळा काय व्यवस्था करते, हे प्रवेश धोरणात लिहिणे बंधनकारक आहे. ते कलम वाचावे आणि मुख्याध्यापकांना नेमके विचारावे, की मूल कुठे बसेल, काय करेल, चर्चमधल्या सरावाच्या वेळी त्याच्याजवळ कोण असेल. कलमात दोन मोघम ओळी असतील तर त्या लेखी तपशीलवार मागाव्यात. काही हिंदू कुटुंबे मुलांना या तासाला बसू देतात आणि घरी आपले आपण सांगतात. तोही मार्ग आहे, फक्त तो संकोचापोटी निवडलेला नसावा.

चर्चच्या छायेतल्या शाळेत मूल सुरक्षित असेल का, ही शंका इतिहास ठाऊक असलेल्या पालकाला येणारच. लुईझ ओ’कीफ यांच्यावर १९७३ मध्ये कॉर्क परगण्यातल्या एका खेड्याच्या राष्ट्रीय शाळेत अत्याचार झाले. कारभार चर्चच्या हाती असल्याने सरकार जबाबदार नाही, असे आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले. २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सरकारला दोषी धरले. मुलांचे रक्षण करण्याची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवून मोकळे होता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे. त्या बाईंनी दिलेल्या या लढ्याचे ऋण आजच्या प्रत्येक पालकावर आहे. आता शाळेत काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी सक्तीची आहे, संशय आल्यास कळवणे शिक्षकांवर कायद्याने बंधनकारक आहे आणि बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे नाव शाळेत लावलेले असते. निरीक्षकांचे अहवाल २००६ पासून खुले आहेत. मुलाचे नाव घालण्याआधी ते वाचून काढावेत.

शाळाच टिकेल का, हा प्रश्न उरतो. २०११ च्या अखेरीस मांडलेल्या अर्थसंकल्पात मंदीच्या काळात दुसऱ्या शिक्षकासाठी लागणारी किमान पटसंख्या १२ वरून टप्प्याटप्प्याने २० पर्यंत वाढवली गेली, तेव्हा खेडोपाडी भीतीचे वातावरण पसरले. लहान शाळा महाग पडतात, हा युक्तिवाद २०२३ मध्ये महाराष्ट्रातही वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याच्या प्रस्तावात ऐकू आला होता. खर्चाचा हिशेब खोटा नाही. पण पोस्ट आणि पोलीस ठाणे बंद झालेल्या गावात शाळाही गेली तर तरुण कुटुंबाला तिथे राहायचे कारण उरत नाही, हा खर्च त्या हिशेबात धरला जात नाही. पुढच्या वर्षी किती शिक्षक मिळणार, हे साधारणपणे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरते. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ४५ हजारांहून अधिक भारतीय नागरिक नोंदले गेले, आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांतल्या व औषधनिर्मिती कारखान्यांतल्या नोकऱ्यांमुळे त्यांतले काही डब्लिनपासून दूर, अशाच गावांत राहतात. दुसऱ्या शिक्षकासाठी लागणाऱ्या पटाच्या जरा खाली अडलेल्या शाळेत त्यांच्या घरातून दोन मुले आली, तर त्या शाळेची दुसरी खोली चालू राहते. धर्मशिक्षणाच्या तासाला आपले मूल कुठे बसेल हे विचारताना त्या आईवडिलांनी आवाज खाली ठेवायचे काहीच कारण नाही.